हर्सुलात उणे चाळीस

बॉनेटखाली : साप्ताहिक स्तंभ
हर्सूलकर

मे महिन्यातल्या भर दुपारी हर्सुलात उणे चाळीस अंश तापमान होतं असं म्हटलं, तर मला ऊन लागलंय असंच तुम्ही म्हणाल. पण माझ्या गाडीचं ठाम म्हणणं तेच होतं. आजचा लेख त्या उणे चाळीसबद्दल आहे आणि ते मला ज्याने दाखवलं त्या हाताएवढ्या यंत्राबद्दल.

झालं असं. फुलंब्रीहून येत होतो. सावंगी ओलांडली आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गाडीला आवाज नाही, ओढ नेहमीसारखी, धूर नाही. दुसऱ्या दिवशी गॅरेजला नेली. तिथल्या पोराने स्टिअरिंगखाली स्कॅनर खुपसला. पी०११३ असा कोड आला. इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा हा कोड. "सर, सेन्सर गेलाय." नवा बसवला. सेन्सर आणि मजुरी मिळून अडीच हजार. दिवा विझला, मी खूश.

चौथ्या दिवशी हर्सूल टी पॉइंटला थांबलो होतो, तर दिवा पुन्हा हजर. कोड तोच. गॅरेजवाल्याचं उत्तर तयार होतं, "पीस खराब निघाला असेल, दुसरा टाकू."

भाचा शेंद्र्याला कारखान्यात नोकरीला आहे. रविवारी तो आपला स्कॅनर घेऊन आला. कोड बघून त्याने मान हलवली आणि म्हणाला, "मामा, कोड राहू द्या. आकडा बघू." त्याने पडद्यावर चालू आकड्यांचं पान उघडलं. इंजिनातल्या पाण्याचं तापमान ८६. बॅटरी चौदा व्होल्टच्या आसपास. आत येणारी हवा : उणे ४०. बाहेर अंगणातली फरशी पायाला चटके देत होती.

याचं गणित सोपं आहे. या सेन्सरचा रोध थंडीत वाढतो. तारच तुटली तर रोध अमर्याद, म्हणजे गाडीच्या लेखी अमर्याद थंडी. आणि ठरलेल्या नियमानुसार हा आकडा एका बाइटमधून जातो, ० ते २५५, त्यातून ४० वजा करून. शून्य आलं की पडद्यावर उणे ४०. त्यापेक्षा खाली जायला जागाच नाही. म्हणजे हा आकडा थंडीचा नाहीच. 'मला पलीकडून काही ऐकू येत नाही' असं गाडी सांगते आहे.

भाच्याने सेन्सरचा प्लग काढला आणि प्लगातली दोन टोकं तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडली. तारा शाबूत असत्या तर आकडा उडी मारून भयंकर गरमवर गेला असता. तो उणे ४० वरच राहिला. म्हणजे नवा सेन्सर निर्दोष, जुनाही बहुधा निर्दोषच होता. दोष मधल्या वाटेत. (माझ्या गाडीत हा सेन्सर सुटा, दोन तारांचा आहे. चार-पाच तारांचा असेल तर हा प्रयोग करू नका. चुकीची टोकं जोडली गेली तर नवं दुखणं ओढवेल.) एअर फिल्टरचा डबा उचलला तर मागे वाळलं गवत, भुईमुगाची टरफलं आणि कुरतडलेली तार. हर्सुलात घरामागे अजून थोडी शेतं उरलीत, त्यांचे उंदीरही उरलेत. दोन इंच तार, डाग, वर स्लीव्ह. खर्च तीस रुपये.

हर्सूल म्हटलं की शहराला तलाव आठवतो, नाहीतर जेल. जेलच्या शेजारी राहणाऱ्याला दोन शब्द आपोआप कळतात : कच्चा कैदी आणि पक्का कैदी. खटला चालू असलेला कच्चा, शिक्षा झालेला पक्का. गाडीच्या संगणकातही हीच पद्धत आहे. एखादी गडबड एकदाच दिसली की तो कोड 'पेंडिंग' म्हणून नोंदवतो, दिवा लावत नाही. बऱ्याच कोडांच्या बाबतीत पुढच्या फेरीत तीच गडबड पुन्हा दिसली की कोड पक्का होतो आणि दिवा लागतो. पण पक्का झाला तरी कोड म्हणजे फक्त तक्रार. कुणाच्या हद्दीत गडबड झाली एवढंच तो सांगतो, कुणी केली ते सांगत नाही. माझ्या गॅरेजवाल्याने तक्रारीत ज्याचं नाव आलं त्याला थेट शिक्षा सुनावली. पंचनामा झालाच नाही. पंचनामा म्हणजे चालू आकडे.

म्हणून घरासाठी स्कॅनर घ्यायचा असेल तर माझी पहिली अट हीच : नुसता कोड वाचणारा नको, चालू आकडे दाखवणारा हवा. खोक्यावर छापलेली पन्नास फंक्शनं या एका गोष्टीपुढे गौण आहेत.

पण यंत्राआधी गाडी बघा. स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या वर, सोळा भोकांचं एक सॉकेट असतं. अमेरिकेने १९९६ पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचं केलं, ते प्रदूषणावर लक्ष ठेवायला. कुठल्याही कंपनीची गाडी असो, सॉकेट एकच आणि इंजिनाच्या मूळ कोडांची भाषा एकच, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१० पासून ओबीडीची, म्हणजे गाडीने स्वतःचंच निदान करण्याच्या या व्यवस्थेची, पहिली पायरी आणि एप्रिल २०१३ पासून दुसरी, म्हणजे आजचे स्कॅनर ज्यावर चालतात ती, लागू झाली. गोम अशी की २०१० मध्ये बीएस-४ मुंबई, पुणे, सोलापूर अशा निवडक शहरांपुरतंच होतं. सगळ्या देशाला ते एप्रिल २०१७ मध्ये लागू झालं. त्यामुळे तुमची एमएच-२० पाटीची गाडी २०१७ च्या आधीची असेल तर पीयूसीच्या कागदावर बीएस-३ आहे की बीएस-४ ते वाचा. बीएस-३ असेल तर सॉकेट असूनही आजचा स्कॅनर तिच्याशी बोलेलच याची खात्री नाही. आधी कुणाचा तरी लावून बघा, मग पैसे काढा. २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीला ही काळजी नाही.

आता बाजार. सगळ्यात स्वस्त म्हणजे अंगठ्याएवढा ब्लूटूथचा डोंगल. पाचशे-सातशे रुपयांत मिळतो, मोबाइलवर ॲप घेतलं की काम सुरू. यातल्या बहुतेकांच्या पोटात 'ईएलएम ३२७' नावाच्या चिपची नक्कल असते. मूळ चिप कॅनडातल्या एका छोट्या कंपनीची. तिच्या पहिल्या आवृत्तीला कॉपीपासून संरक्षण नव्हतं, चोरांनी ती उचलली आणि जगभर पसरवली. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, नकला जोरात आहेत. गंमत म्हणजे अनेक डोंगलांवर 'आवृत्ती १.५' असं अभिमानाने छापलेलं असतं. मूळ कंपनीने १.५ कधी काढलीच नव्हती. नक्कल चालतच नाही असं नाही. एखादी उत्तम चालते, एखादी मध्येच गप्प होते, आणि गप्प कोण झालं, गाडी की डोंगल, हे कळत नाही. निदानाच्या यंत्राचंच निदान करत बसायची हौस असेल तर हा घ्या. आयफोनवाल्यांनी आणखी एक बघावं : जुन्या पद्धतीचा ब्लूटूथ डोंगल आयफोनशी जमवून घेत नाही. वायफायचा किंवा ब्लूटूथ एलईचा लागतो.

दुसरा प्रकार वायरचा, स्वतःचा पडदा असलेला. साधारण दीड-दोन हजारांपासून पुढे. ॲप नाही, जोडणी नाही, मोबाइलची बॅटरी नाही. सॉकेटात घातला की गाडीच्याच विजेवर चालतो. वडिलांच्या हातात दिला तरी चालवतील. घरासाठी माझं मत याला. घेताना तीन गोष्टी दुकानदाराला विचारा. चालू आकडे दिसतात का? 'फ्रीझ फ्रेम' वाचतो का, म्हणजे दिवा लागला त्या क्षणी वेग किती, इंजिन किती गरम, हे जे गाडीने टिपून ठेवलेलं असतं ते? पेंडिंग कोड वेगळे दाखवतो का? तिन्हींना 'हो' असेल तर रंगीत पडदा नसला तरी बिघडत नाही.

चालू आकड्यांत एकाची ओळख करून घ्या : फ्युएल ट्रिम. ठरलेल्या मापापेक्षा संगणक पेट्रोल किती टक्के जास्त-कमी सोडतोय ते हा सांगतो. शून्याच्या आसपास, पाच-सात टक्के इकडेतिकडे असला तर घाबरू नका. दीर्घ मुदतीचा ट्रिम अधिक वीसकडे निघाला तर कुठेतरी चोरून हवा आत येतेय किंवा पेट्रोल कमी पोहोचतंय. इथे आजची एक गोष्ट लक्षात ठेवा. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला हवा कमी आणि इंधन जास्त लागतं. जुन्या गाडीचा ट्रिम चार-सहा टक्क्यांनी वर सरकलेला दिसला तर तो दोष गाडीचा नाही, टाकीतल्या इंधनाचा स्वभाव आहे. हे माहीत नसलं की पुन्हा एक निर्दोष सेन्सर शिक्षा भोगतो.

तिसरा प्रकार महागडा. एबीएस, एअरबॅग, गिअरबॉक्स, सगळ्यांशी बोलणारा. तो वेगळा का लागतो? कारण कायद्याने उघडी केलेली भाषा फक्त प्रदूषणाशी संबंधित भागांची आहे. बाकी खोल्यांच्या किल्ल्या कंपनीकडे. दोन हजारांच्या यंत्राने एअरबॅगचा दिवा वाचता येत नाही तो यंत्र भिकार म्हणून नव्हे, ती खोलीच कुलूपबंद आहे म्हणून. याच किल्ल्यांवरून ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि निदानाची साधनं या कंपन्या बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत, असा ठपका होता. प्रकरण पुढे अपिलांत गेलं, आणि कोपऱ्यावरचा मिस्त्री आजही बऱ्याच कुलपांसमोर उभाच आहे. घरच्या माणसाने या महागड्या यंत्राच्या नादी लागू नये. ब्रेक आणि एअरबॅग या अशाही अंगणात खेळायच्या गोष्टी नाहीत.

घेतल्यावरची शिस्त मात्र यंत्राच्या किमतीपेक्षा महत्त्वाची. स्कॅनरवर 'इरेज' नावाचं बटण असतं आणि हात आधी त्याच्याकडेच जातो. दाबलं की दिवा विझतो आणि बरोबर फ्रीझ फ्रेमही पुसली जाते. गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्याच्या नोंदीही कोऱ्या होतात. हा पुरावा पुसणं झालं. आधी कोड वहीत उतरवा, आकड्यांच्या पानाचा फोटो काढा, किलोमीटर लिहा. मग गॅरेजला जा. दुसरं, डोंगल सॉकेटात कायम लावून ठेवू नका. गाडी बंद असली तरी त्या सॉकेटात बॅटरीची वीज असते. तो थोडी थोडी पीत राहतो, आणि स्वस्त डोंगलांचा पासवर्ड सगळ्या जगाला ठाऊक असलेला १२३४ असतो. तिसरं, पीयूसी निघाली म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. आपल्याकडची पीयूसी सायलेन्सरमधून येणारा धूर मोजते, सॉकेटात डोकावत नाही. पिवळा दिवा लागलेल्या गाडीलाही सर्टिफिकेट मिळू शकतं.

आणि मिस्त्रीशी भांडायला म्हणून स्कॅनर घेऊ नका. माझा अनुभव उलटा आहे. उणे चाळीसचा फोटो घेऊन मी दुसऱ्या एका उस्तादांकडे गेलो होतो, भाच्याने जोडलेली तार नीट आहे ना हे बघायला. फोटो पाहून ते हसले आणि म्हणाले, "सर, असं सगळे दाखवायला लागले तर आमचं अर्धं काम वाचेल." चांगल्या कारागिराला प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक आवडतं. ज्याला आवडत नाही, त्याच्याकडे पुन्हा जायचं नाही, हेही एक निदानच.

आपलं शहर गाड्यांचं. वाळूजला बजाज १९८५ पासून, शेंद्र्यात स्कोडा २००१ पासून. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या लोकांनी एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या, त्याची बातमी देशभर झाली. आणि आमच्या गल्लीत बावीस घरं, चौदा गाड्या, स्कॅनर परवापर्यंत शून्य. गल्लीत शिडी एकच असते आणि ती सगळ्यांची असते. गणपतीच्या मांडवाला तीच, टाकी धुवायला तीच. स्कॅनरही तसाच असावा. चौदा गाड्यांमागे दोन हजारांचं यंत्र म्हणजे गाडीमागे दीडशे रुपयेही होत नाहीत.

आमच्या गल्लीने परवा वर्गणी काढून एक आणला. तो माझ्या घरी खुंटीला टांगलाय, सोबत दोरीने बांधलेली वही आणि पेन्सिल. वहीच्या पहिल्या पानावर मी दोनच ओळी लिहून ठेवल्या आहेत : आधी आकडा उतरवा, मग इरेज. आणि उंदराचं औषध संपलं असेल तर आणा.