चरासाठी मशीन की मशीनसाठी चर?



मी विश्रामबागेत राहतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरापासून सांगली-मिरज रस्त्याकडे येताना एका इमारतीच्या पायाचे खोदकाम चालले होते. खाली खड्ड्यात पोकलेन आणि काठावर बघ्यांची ही गर्दी! खोदकाम बघायला माणूस का थांबतो हे एक कोडेच आहे. पण मीही गाडी लावून थांबलो. काळी माती, आणि तिच्या दोन्ही बाजू भिंतीसारख्या सरळ कापलेल्या. मनात म्हटलं, हे काही टिकत नाही. वळवाचा एक पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाजू निम्मी खड्ड्यात बसली होती. काळी माती ती, कंत्राटदाराचं थोडीच ऐकणार!

हसू आले नाही, कारण माझी स्वतःची एक चूक आठवली. काही वर्षांपूर्वी आपल्या कार्यक्षेत्रातल्या एका सभासदाच्या क्षारपड तुकड्यातून ओढ्यापर्यंत उघडा चर काढायचा होता. मी सांगितले, "पाच फूट खोल घ्या." बाजूला उतार किती ठेवायचा हे सांगितले नाही, आणि तळाची पातळी धरायला मी थांबलोही नाही. तासाच्या भाड्याने मशीन आले. तीन फूट रुंद, सरळ उभा चर दीड दिवसात काढून मोकळे झाले. सगळे खूष. भाद्रपदात दोन्ही बाजू ढासळल्या, काठावरच्या दोन सऱ्या उसासकट आत गेल्या, आणि मध्येच तळ उंच राहिल्याने पाणी ओढ्याकडे जायच्या ऐवजी रानातच तुंबले. ते सभासद मला एवढेच म्हणाले, "सायेब, मशीन आलं तवा तुमी हुता की हितंच." यावर काय बोलणार?

तेव्हापासून या मशीनविषयी जे मिळेल ते वाचत आलो. त्यातले थोडे आज सांगतो, कारण आपल्या चराचा प्रश्न त्यातच अडकलेला आहे असे माझे मत झाले आहे.

माती खोदणारे पहिले यंत्र अमेरिकेत विल्यम ओटिस नावाच्या तरुणाने रेल्वेच्या कामासाठी बनवले. १८३९ साली त्याचे पेटंट त्याला मिळाले आणि त्याच वर्षी, पंचविशी नुकतीच ओलांडलेली असताना, तो वारला. वाफेचा बॉयलर, एक उभा खांब, त्याला यारीसारखा आडवा हात आणि हाताच्या टोकाला लोखंडी डबा. डबा मातीत खालून वर घुसायचा, भरला की हात बाजूला वळायचा आणि डब्याच्या तळाचे दार उघडून माती वाघिणीत पडायची. आजच्या मशीनची बीजे त्यात होती. पण ते रुळांवर उभे असायचे, म्हणजे पुढे सरकायचे तर आधी पुढचे रूळ टाका. हात अर्धाच वळायचा, मागे फिरायचा नाही. ओढायला साखळ्या, त्या तुटायच्या. त्यातून पेटंट घरच्यांच्या हातात, आणि मजूर स्वस्त. त्यामुळे पुढची तीस-चाळीस वर्षे हे यंत्र फारसे पसरले नाही.

पुढे सुधारणा झाल्या त्या एकेका अडचणीतून. एकाच इंजिनावर उचलणे, वळणे, ढकलणे ही सगळी कामे निघेनात, म्हणून प्रत्येक कामाला वेगळे इंजिन आले. अर्धे वळणे पुरेना, म्हणून सगळे यंत्रच चकतीवर गोल फिरू लागले. साखळीच्या जागी तारेचा दोर आला. रुळांच्या जागी लोखंडी पट्टे आले. आपण ज्याला 'चेनचं मशीन' म्हणतो ते. वाफ गेली, डिझेल आले. डब्याच्या ओठाला दात आले, आणि झिजले की तेवढेच बदलता येऊ लागले.

पण यातली आपल्या कामाची सुधारणा वेगळीच आहे. ओटिसचे यंत्र जिथे उभे असेल त्याच्यापेक्षा उंच माती खोदायचे. डोंगर फोडायला ते ठीक. चर काढायचा तर यंत्र वर काठावर आणि माती खाली! १९०४ साली शिकागोकडच्या कालव्याच्या कामावर जॉन पेज याने लांब हाताला दोराने डबा टांगून तो खालून आपल्याकडे ओढून घेणारे यंत्र केले. ती ड्रॅगलाइन. आपल्याकडेही कालव्यांच्या कामावर अशी यंत्रे चालली. पुढे तेलाच्या दाबावर चालणारे हात आले आणि डबा कोपरातून वाकवून, मनगटातून वळवून हवा तसा फिरवता येऊ लागला. १९५४ साली जर्मनीतल्या डेमाग कंपनीने पट्ट्यांवर चालणारे, पूर्ण गोल फिरणारे आणि सगळे तेलाच्या दाबावरचे मशीन काढले. आज आपल्या शिवारात येते ते त्याच वाणाचे.

गंमत पुढे आहे. 'पोकलेन' हे मशीनचे नाव नव्हे, ते फ्रान्समधल्या एका कंपनीचे नाव. आपल्या देशात लार्सन अँड टुब्रोने त्या कंपनीची मशिने बनवली आणि आपण सगळ्याच मशिनांना तेच नाव देऊन बसलो. ही कंपनी मुळात शेतीची अवजारे करणारी. जेसीबी म्हणजे जोसेफ सिरिल बॅमफर्ड हा माणूस. त्याने इंग्लंडात १९४५ साली भाड्याच्या गॅरेजात पहिली वस्तू बनवली ती शेतीची ट्रॉली! मागे खोदणारा हात लावलेले मशीन त्याने १९५३ साली काढले, आणि १९७९ पासून ती मशिने हरियाणात बनू लागली. म्हणजे आज तासाला पैसे मोजून आपण ज्यांना बोलावतो ती दोन्ही नावे शेतीच्या वर्कशॉपातून आलेली आहेत. आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण हवे तर किर्लोस्करवाडी आहे. लोखंडी फाळाने जमिनीत विष भिनते असे लोक म्हणत असताना लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर केला, आणि १९१० साली कुंडल रोडच्या माळावर कारखाना आणला. शेतकऱ्याचे काय अडते ते बघून अवजार बदलायचे, हे या भागाला नवीन नाही.

मग आपले काय अडते?

पहिले म्हणजे बाजू. पनामाचा कालवा खोदताना कुलेब्रा नावाच्या डोंगरात त्या काळची मोठमोठी वाफेची यंत्रे लावली होती. १९१४ साली कालवा सुरू झाला. पण बाजू इतक्या वेळा घसरल्या की खोदलेले पुन्हा पुन्हा उपसावे लागले, आणि उतार मूळ बेतापेक्षा पुष्कळ सपाट करावे लागले. मशीन दांडगे असले म्हणून माती त्याला भीत नाही. आपल्या काळ्या रानात खोलीच्या दर फुटाला बाजूला निदान एक फूट उतार पाहिजे, माती फार चिकण असेल तर दीड. आता हिशोब बघा. एक एकराची बाजू साधारण २०८ फूट. तळ दोन फूट, खोली पाच फूट, बाजूला फुटास फूट उतार, म्हणजे वर तोंड बारा फूट. माती निघते सुमारे ७३ ब्रास. तेच तीन फूट रुंद सरळ उभा चर काढला तर ३१ ब्रास. ऑपरेटर सरळ का काढतो ते यातच आले. आणि आपणही 'स्वस्तात झालं' म्हणून खूष होतो. वाचवलेली ती ४२ ब्रास माती पावसाळ्यात चराकडे धाव घेते, आणि ती काढायला पुन्हा मशीन.

"बारा फूट तोंड म्हणजे रान किती गेलं?" हा प्रश्न मला प्रत्येक गावात विचारतात, आणि तो खरा आहे. एकराच्या एका बाजूला सव्वादोन गुंठ्यांच्या वर जाते. म्हणून उघडा चर सामाईक ठिकाणी, गटाच्या मुख्य निचऱ्यासाठी ठेवावा आणि रानाच्या आत छिद्रांचे पाइप गाळणी गुंडाळून पुरावेत, असे माझे मत आहे. पाइपावर ऊस उभा राहतो, रान जात नाही.

दुसरे, बकेट. मशीनबरोबर येते ती दात असलेली चौकोनी बकेट. ती मुरूम-दगडासाठी उत्तम. काळ्या मातीत दात तळाला नांगरल्यासारखी चिरे पाडतात, तळ एकसारखा राहत नाही आणि त्या खाचांतून पाणी तुंबते. आपल्याला पाहिजे ती बिनदाताची, खाली अरुंद आणि वर पसरट, चराच्याच आकाराची. अशा बकेटा इतर देशांत चराच्या कामाला सर्रास वापरतात. पाइपासाठी वेगळी, फूट-दीड फुटाची अरुंद बकेट. यात काही गूढ विद्या नाही. कुपवाड आणि मिरजेच्या वर्कशॉपांतून याहून अवघड कामे रोज होतात. ओठाला झिजेचे चांगले पोलाद आणि पिना मशीनच्या मापाच्या, एवढे बघितले की झाले.

तिसरी पातळी. पाइपाला शंभर मीटरला वीस-तीस सेंटिमीटर उतार म्हणजे डोळ्याला तो दिसणारच नाही. ऑपरेटर कितीही तयार असला तरी अंदाजाने तो साधत नाही. आता लेसरवर पातळी धरणारी साधने आहेत; नसेल तर डंपी लेव्हल, तीही नसेल तर गवंड्याची पाणनळी. पण दर वीस फुटांवर कुणीतरी तळ मोजलाच पाहिजे, आणि खोदाई ओढ्याकडून सुरू करून वर रानाकडे यायला हवी. वरून खाली काढत गेले की शेवटी ओढ्याशी तळ जुळत नाही. मग सगळी मेहनत पाण्यात, म्हणजे अक्षरशः पाण्यातच.

वजनाची भीती मात्र पुष्कळांना उगाच वाटते. वीस टनांचे चेनचे मशीन दोन पट्ट्यांवर मिळून चार चौरस मीटर जागेवर बसते, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण अर्धा किलो. उसाने भरलेल्या ट्रॉलीचे टायर त्याहून कितीतरी जास्त दाबतात. रान खरे तुडवले जाते ते वाफसा नसताना मशीन घातल्यामुळे आणि एकाच जागी दहा वेळा फिरवल्यामुळे.

आणि निघालेल्या मातीचे काय? पाच फुटांखालची क्षारांनी भरलेली माती आपण चराच्या काठावर ढीग घालून ठेवतो. पाऊस आला की ते मीठ पुन्हा रानात. वरची दीड फूट माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला, रानापासून लांब, एवढे तरी ऑपरेटरला आधी सांगावे. त्याला सांगितले तर तो ऐकतो. आपण सांगत नाही, कारण आपले लक्ष घड्याळाकडे असते.

माझी तक्रार आहे ती इथे. तासावर भाडे ठरवले की ऑपरेटरला घाई, मालकाला घाई आणि आपल्यालाही घाई. चराचे काम मीटरवर द्यावे: तळ इतका, तोंड इतके, पातळी मोजून, मग पैसे. दर थोडा जास्त पडेल. पडू दे. रान पांढरे पडल्यावर एकरी उतारा कुठून कुठे येतो हे वजनकाट्याच्या पावत्या काढून तुम्हीच बघा. मी आकडा सांगायची गरज नाही.

माझी सूचना आहे की एका गटापुरत्या तरी दोन बकेटा, एक चराची आणि एक पाइपाची, सभासदांच्या सामाईक पैशातून करून घ्याव्यात. मशीन भाड्याचे, बकेट आपली. एकट्या सभासदाला ते परवडत नाही आणि एकट्याने चर काढून उपयोगही नाही, कारण पाणी बांध ओळखत नाही. कारखान्याने लेव्हलचा माणूस द्यावा. येत्या वार्षिक सभेत कुणी हा विषय मांडला तर मला बोलायला आवडेल, आणि माझे चुकत असेल तर तेही तिथेच सांगावे.

मशीन बोलावण्याआधी माती तपासा. नुसती क्षारयुक्त असेल तर निचरा आणि गोडे पाणी यावर ती सुधारते. चोपण असेल, सामू साडेआठच्या वर असेल, तर चराबरोबर जिप्सम लागते. आणि अशा मातीच्या बाजू पावसात साबणासारख्या विरघळतात, म्हणून तिथे उतार आणखी सपाट ठेवावा. कसबे डिग्रजचे कृषी संशोधन केंद्र आपल्याला लांब नाही. नमुने वरच्या फुटाचे वेगळे, खालचे वेगळे घ्यावेत. पिशवीत चिठ्ठी टाकताना गट नंबर पेन्सिलीने लिहा. शाई ओलीत पसरते आणि मग कुणाची माती कुणाच्या नावावर जाते ते कळत नाही.

खोडवा तुटल्यावर ज्यांचे रान मोकळे राहणार आहे त्यांनी आपल्या खालच्या, ओढ्याकडच्या शेजाऱ्याशी आत्ताच बोलून ठेवावे. एप्रिल-मे एवढाच काय तो वेळ मिळतो, आणि मशीन त्या दिवसांत सगळ्यांनाच हवे असते.