झाडे लावूच, पण प्रश्नही विचारू



‘हवामान न्यायाच्या चर्चा पुरे, स्वयंसेवकांनी झाडे लावावीत’ हे गेल्या अंकातील पत्र वाचले. झाडे आम्हीही लावतो. पण दरडीखाली नेहमी कोण गाडले जाते, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

३० जुलै २०१४ रोजी माळीण गावात दरडीखाली दीडशेच्या आसपास माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. दोन्हीकडे प्रामुख्याने आदिवासी वस्ती. इर्शाळवाडी तर दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती. रस्त्याअभावी मोठी यंत्रे वर पोहोचू शकली नाहीत.

एखाद्या दरडीचे खापर केवळ तापमानवाढीवर फोडता येणार नाही, हे पत्रलेखकांचे म्हणणे मान्य. पण सह्याद्रीत कमी वेळात कोसळणाऱ्या पावसाचा धोका वाढतो आहे आणि ज्यांनी हवा सर्वांत कमी तापवली, तेच त्याच्या तोंडी आहेत. हा अन्याय नव्हे तर काय?

‘त्यांनी वेळीच स्थलांतर करावे’ म्हणणे सोपे. कुठे? गुरे, वरकस जमीन, रान सोडून जगायचे कशावर? सुरक्षित जागा, वनहक्क आणि रात्रीही पोहोचणारा इशारा यांची मागणी ग्रामसभेतून व्हावी, म्हणूनच आमच्या बैठका आहेत. पत्रलेखकांनी पावसाळ्याआधी एका बैठकीला जरूर यावे.

– एक स्वयंसेवक, कर्जत (रायगड)