बैलाचा दम आणि रोमन मैल



रस्त्यावर किलोमीटरचे दगड आले तरी आपल्या तोंडातून मैल काही गेला नाही. हा मैल मूळचा रोमचा. रोमन लोकांच्या लॅटिन भाषेत ‘मिल्ले’ म्हणजे हजार. हजार पावले चालले की एक मैल.

तुम्ही म्हणाल, हजार पावलांत कसला मैल? बरोबर आहे. पण रोमन पाऊल वेगळे. उजवा पाय उचलला तिथपासून तोच पाय पुन्हा टेकला तिथपर्यंत एक पाऊल, म्हणजे आपली दोन. ते 5 रोमन फुटांचे धरत. त्यांचा फूट आपल्या फुटाहून किंचित आखूड, म्हणून त्यांचा मैल सुमारे 1480 मीटरचा भरतो.

या दुहेरी पावलाने मला एकदा चांगलेच फसवले होते. नोकरीच्या सुरुवातीला मीही एकाच पायाचे मोजत असे. मिरचीचा एक तुकडा मालकाने 60 पावले लांब, 30 पावले रुंद सांगितला. मी पाऊल 5 फुटांचे धरले आणि एकराचा युरिया सांगून मोकळा झालो. घरच्या मावशी खुरपणी सोडून उठल्या. म्हणाल्या, “साहेब, तुकडा दहा गुंठ्याचा अन् खत एकराचं? मिरची जाळायची का आमची?” त्यांनी आपले साधे अडीच फुटी पाऊल मोजले होते. लांबी निम्मी, रुंदी निम्मी, म्हणजे क्षेत्र चौथाई! तेव्हा खत-औषधाचा हिशेब पावलांवर करणार असाल, तर आधी टेपने 100 फूट आखून त्यात आपली किती पावले बसतात ते पाहून ठेवा.

लांबच्या रस्त्यासाठी व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुकाराने गाडीची युक्ती लिहून ठेवली आहे. गाडीच्या चाकाचा घेर साडेबारा फूट. चाक 400 वेळा फिरले की 5000 फूट, म्हणजे एक मैल झाला. तेवढ्यात दाते असलेल्या चक्रांमधून एक खडा सुटून खालच्या भांड्यात टण्णकन पडायचा. मुक्कामाला खडे मोजले की मैल कळले.

पण मला खरे आवडते ते त्यांचे शेतातले माप. त्याचे नाव ‘आक्तुस’, म्हणजे हाकणे. लांबी 120 फूट. बैलजोडी एका दमात नांगराचे जेवढे तास ओढील तेवढे हे अंतर, असे प्लिनीने लिहिले आहे. पहिल्या शतकातला शेतीलेखक कोलुमेला तर बजावतो, की याहून लांब तास काढू नका, जनावर थकते. वळणावर पोचल्यावर जू पुढे सरकवून बैलांच्या मानेला वारा लागू द्या, नाहीतर ती सुजते आणि पुढे जखम होते, हेही तो सांगतो. आपली खांदेसूजच की ही!

240 फूट लांब आणि 120 फूट रुंद रान म्हणजे एक ‘युगेरुम’. एका जोडीची एका दिवसाची नांगरट. आपल्या हिशेबात जवळजवळ 25 गुंठे. हे नाव ‘युगुम’वरून आले. युगुम म्हणजे जू, आणि आपले ‘जू’ ज्या संस्कृत ‘युग’ शब्दावरून आले तो याचाच भाऊबंद.

पुढे इंग्लंडात या मैलाची गंमत झाली. तिथले शेतातले माप फर्लांग, म्हणजे एका तासाची लांबी, 660 फूट. जमिनी त्यावरच मोजलेल्या, त्यामुळे फर्लांग बदलणे कठीण. शेवटी 1593 साली कायद्याने मैलच ताणला आणि 8 फर्लांगांचा, 5280 फुटांचा केला. एक फर्लांग लांब आणि 66 फूट रुंद पट्टा म्हणजे एकर. त्याचे 40 भाग केले की 33 फूट बाय 33 फुटांचा आपला गुंठा. सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहितात, पण जमिनीचा सौदा ठरतो तो अजून गुंठ्यातच.