शाळेच्या झोळीवरील अडत

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात मुलाकडे चार महिने राहून परतलेल्या आपल्याकडील वडीलधाऱ्यांना तेथील एक गोष्ट हटकून खटकते. नातवंड शाळेतून घरी येते ते चॉकलेटांचा किंवा भेटवस्तू गुंडाळण्याच्या कागदाचा रंगीत कॅटलॉग हाती घेऊन. आजीआजोबांनी, शेजाऱ्यांनी आणि वडिलांच्या कचेरीतील सहकाऱ्यांनी त्यातील काहीतरी शाळेसाठी विकत घ्यावे, अशी त्याची अपेक्षा असते. जगातील अतिसंपन्न देशाच्या सरकारी शाळेला आठ वर्षांच्या मुलाला विक्रेता करावे लागावे, याचे नवल वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हे नवल करताना एक माणूस सहसा नजरेआड राहतो. तो म्हणजे, तो कॅटलॉग शाळेत घेऊन येणारा कंपनीचा नोकर. शाळेसाठी निधी जमवून देणे हा अमेरिकेत एक मोठा व्यवसाय आहे आणि त्यात राबणाऱ्यांचे अनुभव पाहिल्यास तेथील शिक्षणव्यवस्थेचे एक मर्म उलगडते.

या व्यवसायाचे स्वरूप प्रथम समजून घेतले पाहिजे. शाळा उघडल्यावर, शरद ऋतूच्या आरंभी, कंपनीचा प्रतिनिधी शाळेत येतो. व्यायामशाळेत मुलांना एकत्र बसवले जाते, संगीत वाजते आणि इतक्या वस्तू विकल्यास हे खेळणे, तितक्या विकल्यास ते, अशी बक्षिसे मुलांपुढे नाचवली जातात. पुढील दोन-तीन आठवडे मुले मागण्या नोंदवून आणतात. विक्रीच्या रकमेपैकी साधारणत: चाळीस ते पन्नास टक्के शाळेला मिळतात, उरलेल्यातून मालाची किंमत, बक्षिसे, वाहतूक, प्रतिनिधीची अडत आणि कंपनीचा नफा भागतो. या शतकाच्या आरंभापासून दुसरा एक प्रकार रूढ झाला आहे. त्यात माल नसतो. मुले मैदानाला फेऱ्या मारतात आणि नातेवाईक प्रत्येक फेरीमागे काही रक्कम देण्याचे वचन देतात. हा सोहळा घडवून आणण्यासाठी कंपनी तरुण-तरुणींची तुकडी शाळेत पाठवते आणि जमलेल्या रकमेतून आपला मोबदला घेते.

पहिल्या प्रकारातील प्रतिनिधी बहुधा पगारी नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदार असतो. गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, आजारपणही त्याचेच. वर्षाची बहुतेक कमाई शरदातील मोजक्या आठवड्यांत करावयाची आणि उन्हाळ्यात पुढील वर्षाच्या शाळा मिळवण्यासाठी मुख्याध्यापकांचे व पालकसंघाच्या पदाधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवावयाचे, असा त्याचा क्रम असतो. खोकी उतरवणे, वर्गवार वाटणी करणे आणि न मिळालेल्या वस्तूसाठी चिडलेल्या पालकाची समजूत घालणे ही कामे अडतीच्या हिशेबात वेगळी धरली जात नाहीत. अमेरिकेत किमान वेतनाची आणि जादा कामाच्या मोबदल्याची हमी देणारा कायदा १९३८ साली झाला. परंतु बाहेर फिरून विक्री करणाऱ्याला त्या कायद्याने या दोन्ही हमींतून वगळले. आपल्याकडील औषध कंपन्यांच्या फिरत्या प्रतिनिधींची स्थिती फार निराळी नव्हती. त्यांच्या सेवाशर्तींसाठी संसदेला १९७६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, हे येथे आठवते.

दुसऱ्या प्रकारातील तरुण नोकरांचे दु:ख निराळे आहे. नुकतेच महाविद्यालयातून बाहेर पडलेले हे युवक पहाटे निघून शाळेत पोहोचतात, एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाऊन मुलांमध्ये चैतन्य निर्माण करतात, दुपारच्या उन्हात मैदानावर नाचतात आणि संध्याकाळी वचनांच्या रकमा मोजतात. अशा कामाबद्दल आपुलकीने बोलणारेही पुष्कळ आहेत, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मुलांचा सहवास, सहकाऱ्यांची मैत्री आणि चार लोकांपुढे उभे राहण्याचा धीर या गोष्टी त्यांना येथे लाभतात. पण त्याच माणसांच्या बोलण्यात थकव्याचा सूरही असतो. उत्साह हीच त्यांची नोकरी असल्यामुळे त्यांना खिन्न होण्याची सवड नसते. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या 'द मॅनेज्ड हार्ट' या ग्रंथात हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास करून अशा श्रमांना 'भावनिक श्रम' हे नाव दिले. चेहऱ्यावरचे हसू जेव्हा वेतनाच्या अटींत समाविष्ट होते, तेव्हा ते आपले राहत नाही, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. शाळेच्या मैदानावर नाचणाऱ्या या तरुणांना तो अक्षरश: लागू पडतो.

मात्र या साऱ्याचे खापर केवळ कंपन्यांवर फोडून भागणार नाही. हा व्यवसाय ज्या पोकळीत वाढला, ती पोकळी शासनाने निर्माण केली आहे. अमेरिकेतील सरकारी शाळांच्या उत्पन्नाचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग स्थानिक स्वरूपाचा असतो आणि त्यात घरजमिनीवरील कराचा वाटा सर्वात मोठा असतो. साहजिकच महागड्या वस्तीतील शाळा सधन आणि गरीब वस्तीतील शाळा निर्धन राहते. टेक्सासमधील पालकांनी याविरुद्ध दाद मागितली, तेव्हा १९७३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी निर्णय दिला की, शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नव्हे. १९७८ साली कॅलिफोर्नियातील मतदारांनी मालमत्ता करावर कडक मर्यादा घालून घेतली. कर कमी झाला म्हणून मुलांना वह्या, वाद्ये आणि सहली लागेनाशा झाल्या नाहीत. एका सरकारी पाहणीनुसार २०१४-१५ या शैक्षणिक वर्षात तेथील ९४ टक्के सरकारी शिक्षकांनी वर्गातील साहित्यावर स्वत:च्या खिशातून खर्च केला आणि त्याची सरासरी ४७९ डॉलर होती. शिक्षकाच्या खिशाने जे भागत नाही, ते भागवण्यासाठी कॅटलॉग येतो.

तेव्हा या व्यवसायाचा खरा अर्थ असा की, जो पैसा कर म्हणून गोळा व्हावयास हवा होता तो विक्री म्हणून गोळा होतो. शंभर रुपयांतील पन्नास वसुलीतच संपावेत, असा कर कोणत्याही सरकारने बसवला तर लोक त्याला धारेवर धरतील. कंपन्यांचे म्हणणे असे की, नोकरी सांभाळणाऱ्या पालकांना निधी उभारण्यास वेळ नसतो आणि आम्ही ती यातायात आमच्या अंगावर घेतो. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु त्यात एक गोष्ट झाकली जाते. ज्याची भाकरी विक्रीच्या टक्केवारीवर अवलंबून आहे, तो प्रतिनिधी स्वाभाविकपणे अशाच शाळांच्या मागे लागणार, जेथील पालकांचे खिसे भरलेले आहेत. तो दुष्ट आहे म्हणून नव्हे, त्यालाही घरभाडे भरावयाचे आहे म्हणून. अशा रीतीने ज्या शाळेला गरज अधिक तिच्याकडे पैसाही कमी जातो आणि तो आणून देणारा माणूसही कमी फिरकतो. कराने निर्माण केलेली विषमता अडतीने अधिक खोल होते.

याची किंमत मुलांनाही मोजावी लागते. १९९७ साली न्यू जर्सीत शाळेच्या निधीसाठी दारोदार वस्तू विकण्यास निघालेल्या ११ वर्षांच्या मुलाचा खून झाला. मुलांनी अनोळखी दारी जाऊ नये असे कंपन्या व शाळा आज निक्षून सांगतात. परिणामी विक्रीचे ओझे आईवडिलांच्या कचेऱ्यांकडे सरकले. साहेबाने आपल्या मुलीसाठी टेबलावर कॅटलॉग ठेवला, तर हाताखालच्या कारकुनाने नाही कसे म्हणावे?

आपल्याकडे शाळेसाठी झोळी धरण्याची परंपरा मोठी आणि अभिमानास्पद आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, ती घरोघरच्या मूठभर धान्यावर वाढली. लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्र मोडले. त्या झोळीत अडत नव्हती. देणाऱ्याची मूठ आणि मुलाचे ताट यांच्यामध्ये कोणी उभे नव्हते. आज मात्र आपणही निश्चिंत राहावे अशी परिस्थिती नाही. देणगीच्या नावाने होणारी वसुली रोखण्यासाठी महाराष्ट्राला १९८७ साली कायदा करावा लागला. 'कायम विनाअनुदानित' या शब्दांतील 'कायम' शासनाने २००९ साली वगळला. परंतु त्यानंतरही २० टक्के, ४० टक्के अशा टप्प्यांची वाट पाहत शिक्षकांना आझाद मैदानावर बसावे लागले. शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकाला जनगणना, निवडणूक व आपत्तिनिवारण यांखेरीज अशैक्षणिक काम देण्यास मनाई केली आहे. तरी मे महिन्याच्या उन्हात पट टिकवण्यासाठी घरोघर मुले शोधत फिरणारा शिक्षक आपल्या परिचयाचा आहे. अमेरिकेत अडतीवरचा प्रतिनिधी जे करतो, त्याच्या जवळपासचे काम येथे शिक्षकच करतो आणि त्याची अडत म्हणजे त्याची नोकरी टिकणे.

अमेरिकेच्या अनुभवातून घ्यावयाचा धडा साधा आहे. शाळेसाठी पैसा मागणाऱ्या माणसाला टक्केवारी नव्हे, ठराविक वेतन मिळाले पाहिजे. दात्याच्या प्रत्येक रुपयातील किती पैसे मुलापर्यंत पोहोचतात, हे पावतीवरच छापले पाहिजे. स्नेहसंमेलन, सहल, क्रीडासाहित्य यांसाठी समाजाने हात सैल सोडावा. तो समाजाचा आनंद आहे. पण खडू, छप्पर आणि शिक्षकाचा पगार हा समाजाच्या औदार्याचा विषय नव्हे. तो शासनाच्या अंदाजपत्रकाचा विषय आहे. तेथून तो एकदा निसटला की कोणीतरी झोळी घेऊन उभा राहतोच आणि त्या झोळीवर पोट भरण्याची पाळी एखाद्या गरजू माणसावर येते. त्याच्या हसऱ्या चेहऱ्याकडे पाहून शाळा सुस्थितीत आहे, असा समज कोणी करून घेऊ नये.