किंकाळी कमी झाली, हाच का गुन्हा?

ब्रायटनच्या आर्किटेक्ट्स या बँडचा नववा अल्बम, 'फॉर दोज दॅट विश टू एक्झिस्ट', 26 फेब्रुवारी 2021 रोजी आला आणि पहिल्याच आठवड्यात ब्रिटनच्या अधिकृत यादीत अव्वल ठरला. 2004 पासून वाजवत असलेल्या या मेटलकोर बँडला ती जागा प्रथमच मिळत होती. नेमक्या त्याच वेळी त्यांच्या जुन्या श्रोत्यांपैकी बऱ्याच जणांनी बँड संपल्याचा निकाल देऊन टाकला. दुसऱ्या तटाने तितक्याच घाईने ही त्यांची सर्वश्रेष्ठ कृती असल्याचं जाहीर केलं. हा वाद अजून विझलेला नाही. दोन्ही निकाल अल्बम ऐकण्याआधीच लिहून ठेवले होते की काय, अशी शंका येते. एकात चर्चा आहे ती आवाजाच्या दणक्याची, दुसऱ्यात कलावंताच्या प्रगतीची. गाण्यांची चर्चा दोन्हीकडे जेमतेम.

या संगीताशी ज्यांचा परिचय नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. हार्डकोर पंकचा संताप आणि मेटलची गिटार यांच्या संकरातून मेटलकोर उभं राहिलं. खालच्या पट्टीत लावलेल्या गिटारी, घसा सोलून काढणारं ओरडणं, आणि गाणं मध्येच अर्ध्या लयीत उतरून जमिनीवर आदळतं तो ब्रेकडाउन, ही त्याची ओळख. आर्किटेक्ट्सचा गायक सॅम कार्टर या ओरडण्यातला पट्टीचा माणूस. रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, सुरू होण्याआधी त्याच्या तोंडून निघणारा 'ब्लेघ' असा एक निरर्थक हुंकार तर श्रोत्यांनी बँडची खूणच करून टाकली. 2021 च्या अल्बममध्ये हा माणूस बराच वेळ सरळ गातो. मागे व्हायोलिनं आणि पितळी वाद्यं आहेत. ब्रेकडाउन आहेत, पण थोडे. खटला एवढ्यावरच उभा आहे.

पूर्वपक्षाचा सगळ्यात जोरदार मुद्दा भावनेचा आहे, म्हणून आधी तोच घेऊ. टॉम आणि डॅन सर्ल हे जुळे भाऊ या बँडचे संस्थापक. टॉम गिटारवर, डॅन ड्रम्सवर. बँडच्या रिफ टॉमच्या, पुढच्या काळातले शब्दही बहुतांशी त्याचेच. त्वचेच्या कर्करोगाने 20 ऑगस्ट 2016 रोजी तो गेला. वय 28. त्याचा शेवटचा अल्बम, 'ऑल अवर गॉड्स हॅव अबॅन्डन्ड अस', त्याच वर्षीच्या मे महिन्यात आला होता. स्वतःचा मृत्यू समोर दिसत असताना लिहिलेली ती गाणी या प्रकारातल्या थोर गाण्यांत मोडतात, याविषयी दोन्ही तटांत एकमत आहे. तेव्हा आक्षेप असा: टॉमने घडवलेला आवाज बाजूला ठेवणं ही त्याच्याशी प्रतारणा आहे, त्याला हे आवडलं नसतं.

त्याला काय आवडलं असतं हे सांगण्याचा अधिकार कुणाला आहे, हा प्रश्न क्षणभर सोडून देऊ. पुरावा पाहू. टॉम हयात असताना हा बँड किती वेळा बदलला? 2009 चा 'हॉलो क्राउन' गुंतागुंतीचा, तिरकस, धारदार. 2011 चा 'द हिअर अँड नाऊ' गोड कोरसांचा, आणि त्या वेळीही आज होते तीच ओरड झाली होती. 2012 च्या 'डेब्रेकर'मध्ये वजन परत आलं, पण शेवटाला 'अनबिलीव्हर'सारखं संथ गाणं होतं. 2014 च्या 'लॉस्ट फॉरएव्हर // लॉस्ट टुगेदर'मध्ये या सगळ्याची नवी घडी बसली. म्हणजे ज्याला 'खरे आर्किटेक्ट्स' म्हणतात, तो आवाज टॉमच्या हयातीत दोन अल्बमांपुरता, 2014 आणि 2016. त्याआधीचा टॉम सतत घर बदलत होता. बदलाविरुद्ध साक्षीदार म्हणून उभं करायला या बँडमध्ये त्याच्याइतका गैरसोयीचा माणूस दुसरा सापडणार नाही.

यावर प्रतिपक्ष म्हणेल की 'द हिअर अँड नाऊ' बँडला स्वतःलाच पुढे नकोसा झाला. झाला, हे खरं. पण एका मऊ अल्बमला यश आलं नाही एवढ्यावरून मऊपणाच वाईट ठरत नाही. 2011 मध्ये कार्टरचा सरळ गाण्याचा गळा कच्चा होता, चालीही त्या काळच्या दहा बँडांसारख्या होत्या. दहा वर्षांनी त्याच गळ्यात पोत आला आहे, जिथे ओरडणं संपून स्वर सुरू होतो ती किनार त्याला नेमकी धरता येते. 'ब्लॅक लंग्ज' ऐकताना हे ध्यानात येईल.

शिवाय टॉमशी इमान राखायचं म्हणजे नेमकं काय करायचं होतं? 2018 चा 'होली हेल' पूर्णपणे शोकाचा अल्बम आहे. टॉमने सुरू केलेली आणि त्याच्यामागे पुरी झालेली 'डूम्सडे'ची रिफ त्यात आहे. शब्द लिहायचं काम तेव्हा डॅनने उचललं. गिटारला सायलोसिस या बँडचा जॉश मिडलटन आला. हा मोठ्या ताकदीचा वादक, टॉमच्या धाटणीत आणखी दोन अल्बम तो सहज वाजवू शकला असता. पण मेलेल्या माणसाच्या हाताची नक्कल जिवंत माणसाकडून करवून घेणं याला मी श्रद्धांजली म्हणणार नाही. एव्हाना ती नक्कल करणारे नवे बँड गल्लोगल्ली झाले होते. त्या तुटक, थबकत आपटणाऱ्या रिफचा साचाच पडला होता. खुद्द मूळ बँडने त्या रांगेत जाऊन उभं राहायचं का?

दुसरा आरोप पैशाचा: लोकप्रियतेसाठी विकले गेले. याला फार जागा द्यायची गरज नाही. फेब्रुवारी 2018 मध्ये लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये याच बँडने तुडुंब गर्दीसमोर वाजवलं, आणि 2019 च्या जानेवारीत ते वेम्ब्ली अरीनामध्ये होते. दोन्ही ठिकाणी लोक आले ते जड, कर्कश गाण्यांसाठी. ज्याचं दुकान ओरडण्यावर चाललं आहे त्याने गर्दीच्या हव्यासापोटी पाटी बदलली, हा हिशेब जुळत नाही. उलट ठरलेलं गिऱ्हाईक गमावण्याचा धोका त्यांनी पत्करला.

मग म्हणतात, ब्रिंग मी द होरायझनची नक्कल केली. शेफील्डच्या त्या बँडने 'सेम्पिटर्नल' या अल्बमपासून वळण घेतलं आणि जानेवारी 2019 च्या 'आमो'मध्ये ते थेट पॉपच्या दारात पोहोचले. आर्किटेक्ट्सच्या गाण्यांत इलेक्ट्रॉनिक धडधड आहे, हात वर करून म्हणावेत असे कोरस आहेत, तेव्हा सावली पडली आहे हे मान्य. पण 'आमो'मध्ये पाहुणी म्हणून ग्राइम्स येते आणि गाणं नाचघरात शिरतं. आर्किटेक्ट्सचे पाहुणे पाहा: पार्कवे ड्राइव्हचा विन्स्टन मॅकॉल, रॉयल ब्लडचा माइक कर, बिफी क्लायरोचा सायमन नील. तिघेही गिटारवाल्या रॉकमधले. दिशा वेगळी आहे, हे या तीन नावांवरूनच कळतं. नक्कलीच्या आरोपाला पुढे एक विनोदी शेपूट फुटलं, त्याकडे शेवटी वळू.

'हे मेटलकोरच नव्हे' या म्हणण्याचं काय करावं हे मला खरोखर समजत नाही. किलस्विच एंगेजचा 'अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग' 2002 चा. ओरडलेलं कडवं आणि गायलेला कोरस ही जोडी तिथपासून या प्रकाराच्या मुख्य रस्त्यावर आहे. सोवळंच पाळायचं तर कन्व्हर्जचा 2001 चा 'जेन डो' प्रमाण धरावा लागेल, आणि मग 2016 चे आर्किटेक्ट्सही पंगतीबाहेर बसतील.

आता दुसऱ्या तटाकडे. या लोकांचं एकच पालुपद: कलावंत वाढतो, श्रोते कोते राहतात. हा युक्तिवाद अल्बम न ऐकताही करता येतो, हीच त्याची खोट. बदल म्हणजे वाढ हे सिद्ध करावं लागतं, गृहीत धरता येत नाही. जुन्या श्रोत्याच्या तक्रारीत एक खरं दुःख आहे, त्याची टवाळी करून चालणार नाही. मेटलकोर अंगाने ऐकायचं संगीत आहे. ब्रेकडाउनच्या क्षणी मॉश पिटमधल्या, म्हणजे मंचासमोरच्या धक्काबुक्कीतल्या, माणसाच्या आत कोंडलेलं काहीतरी मोकळं होतं. कित्येकांनी स्वतःचे आजार, स्वतःच्या घरातले मृत्यू या बँडच्या आधाराने काढले आहेत. अशा माणसाला 'तू मागासलेला आहेस' असं सांगणं उद्धटपणाचं आहे, शिवाय चुकीचंही. त्याला काय हरवलं हे नीट कळतं. त्याची चूक एवढीच, की हरवलेल्या गोष्टीच्या नादात मिळालेली गोष्ट तो ऐकत नाही.

मिळालं काय, ते सांगतो. आर्किटेक्ट्सच्या गाण्यांत पर्यावरणाचा संताप जुनाच. 2014 चं 'द डेव्हिल इज निअर' समुद्रातल्या कत्तलीवर आहे, आणि कार्टर सी शेपर्ड या सागरसंरक्षक संस्थेचं काम उघडपणे करतो. पण त्या गाण्यांत गुन्हेगार बाहेर होता, आणि बोट त्याच्याकडे होतं. बोट दाखवायचं असेल तेव्हा ओरडणं शोभतं. 2021 मध्ये डॅनने ते बोट वळवून घेतलं. पृथ्वीची वाट लावणाऱ्यांत आपणही आहोत, सगळं समजूनही आपण काही करत नाही, आणि आपल्याला वाचायचंय तरी का, असा हा अल्बम विचारतो. आरोप ओरडून करता येतो. कबुली ओरडून दिली की खोटी वाटते. कार्टरचा सरळ स्वर इथे आशयातून आला आहे. 'अॅनिमल्स' घ्या. रिफ इतकी साधी की गिटार शिकणाऱ्या पोराला आठवड्यात यावी, पण तिच्यावर तो जो कोरस गातो त्यात हतबलता आहे, आणि ही हतबलता 2016 च्या आवाजात मावली नसती. 'डेड बटरफ्लाइज'मधली पितळी वाद्यं सजावट म्हणून आलेली नाहीत, गाण्याची चालच ती तोलून धरतात. पटत नसेल तर अॅबी रोड स्टुडिओत सायमन डॉब्सनच्या दिग्दर्शनाखाली पॅरॅलॅक्स ऑर्केस्ट्राबरोबर केलेलं, 2022 मध्ये आलेलं ध्वनिमुद्रण ऐकावं.

आणि जडपणा गेला असं म्हणणाऱ्यांनी 'इम्पर्मनन्स'मधला मॅकॉलचा गडगडाट आणि 'गोलायथ'च्या शेवटी सायमन नीलची किंकाळी कुठल्या खात्यात टाकली, हे मला कुणी सांगितलेलं नाही. गंमत म्हणजे अल्बममध्ये 'डिस्कोर्स इज डेड' नावाचं एक गाणं आहे, दोन तट परस्परांचं ऐकेनासे होतात त्याविषयीच. त्यावरही दोन तट पडले.

खरा दोष वेगळाच, आणि तो दोन्ही बाजूंनी निसटला. अल्बम लांब आहे. पंधरा गाणी, जवळजवळ तासभर. त्यातली निम्मी तरी एकाच आराखड्यावर: इलेक्ट्रॉनिक धडधडीने सुरुवात, दबकं कडवं, मोठा कोरस, पुन्हा दबकं, मग थोडी आपटाआपटी, मग तोच कोरस अधिक मोठा. लय बहुतेक मध्यम. चौथ्या-पाचव्या वेळी पुढची पायरी कानाला आधीच दिसू लागते. पंधरांत बरोबर मध्ये, आठव्या जागी, ड्रम्सशिवायचं 'फ्लाइट विदाउट फेदर्स' ठेवून त्यांनी श्वास घ्यायला जागा केली, ही शहाणी योजना. पण तिच्या दोन्ही बाजूंना सारख्याच उंचीच्या भिंती असल्याने तिचा उपयोग अर्धाच होतो. 'मऊ' आणि 'एकसुरी' या वेगवेगळ्या तक्रारी आहेत. पहिली रुचीची, दुसरी कारागिरीची, आणि बँडला उत्तर द्यायला भाग पाडील ती दुसरीच. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 2022 मध्ये आलेल्या 'द क्लासिक सिम्प्टम्स ऑफ अ ब्रोकन स्पिरिट'ला तर ती अधिकच लागू पडते. तिथे आराखडाही पातळ झाला आणि वाद्यवृंदाची साथही गेली. त्या अल्बमवर नाराज असलेल्यांशी मी भांडणार नाही.

राहिलं ते विनोदी शेपूट. मिडलटन 2023 मध्ये बाहेर पडला, आणि 28 फेब्रुवारी 2025 रोजी 'द स्काय, द अर्थ अँड ऑल बिटवीन' आला. पुन्हा जड रिफ, पुन्हा ओरडणं. जुने श्रोते हर्षभरित झाले: आमचे आर्किटेक्ट्स परत आले! या अल्बमचा निर्माता कोण? जॉर्डन फिश, ब्रिंग मी द होरायझनच्या 'सेम्पिटर्नल'पासूनच्या वळणाचा एक शिल्पकार. 2021 मध्ये ज्या बँडची सावली पडली म्हणून बोंब मारली, 2025 मध्ये त्याच बँडचा जुना माणूस निर्मात्याच्या खुर्चीत बसला तर टाळ्या पडल्या. आवाज मोठा होता, एवढं पुरलं. कोरस तितकेच गोड आहेत आणि इलेक्ट्रॉनिक साजही भरपूर आहे. पण मोजपट्टी एकच असली की बाकीचं दिसत नाही.

2021 च्या अल्बमला कात्री लावायची संधी मिळाली तर 'अॅन ऑर्डिनरी एक्स्टिंक्शन', 'लिबर्टिन', 'डेमी गॉड' आणि 'मीटिऑर' ही चार गाणी मी काढीन. अकरा उरतात, 'होली हेल'मध्ये होती तितकीच. 'गोलायथ' संपलं की थेट 'डाइंग इज अॅब्सोल्यूटली सेफ' लागेल, आणि मधल्या दोन गाण्यांनी पातळ केलेला तो धक्का पूर्ण बसेल. 'मीटिऑर' काढल्याबद्दल नव्या तटाचे लोक चिडतील, कारण त्यांना तेच सर्वांत आवडतं. त्यांनी ते सुटं गाणं म्हणून खुशाल ऐकावं; स्टेडियमसाठीच बेतलेलं आहे ते, आणि स्टेडियममध्ये चालेलही.