घडणावळीचा हिशेब

सराफाच्या पेढीवर दागिना घेताना मध्यमवर्गीय गिऱ्हाईक धातूच्या भावावर सहसा वाद घालीत नाही. तो भाव दूरच्या बाजारात ठरतो आणि रोज वर्तमानपत्रात छापून येतो, हे त्याला ठाऊक असते. घासाघीस होते ती घडणावळीवर. 'घडणावळ थोडी कमी करा' असे म्हटल्याखेरीज खरेदी पुरी झाली असे कोणालाच वाटत नाही आणि त्यात काही गैर आहे असेही वाटत नाही. वास्तविक ज्या एका रकमेवर कारागिराचे घर चालते, नेमकी तीच रक्कम कापण्याची ही मागणी असते. हाताने दागिने घडविणाऱ्या छोट्या धंद्यात सचोटी कशी टिकावी आणि नवनिर्मिती कशी व्हावी, याची चर्चा अधूनमधून होते. हे दोन प्रश्न वेगवेगळे मानले जातात. परंतु दोहोंचे मूळ घडणावळीच्या हिशेबात आहे, हे ध्यानात घेतले जात नाही.

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे गाव चांदीच्या कामासाठी प्रसिद्ध आहे. पैंजण, तोरड्या, करदोडे, घुंगरू असा माल तेथून देशाच्या अनेक भागांत जातो. हा उद्योग एका छपराखाली चालत नाही. तो घराघरांत वाटला गेला आहे. कोठे चांदी आटविली जाते, कोठे तार ओढली जाते, कोठे कड्या जोडल्या जातात, कोठे डाख दिला जातो, तर कोठे उजाळा देण्याचे काम चालते. घरकाम उरकून कड्या जोडीत बसणाऱ्या स्त्रियांचा वाटा त्यात मोठा आहे. चांदी बहुधा व्यापाऱ्याची असते. कारागीर ती घेतो, माल घडवून परत करतो आणि मजुरी घेतो. ही मजुरी बहुतेक वेळा वजनावर ठरते. ओबडधोबड आणि जड माल करणाऱ्याचे वजन लवकर भरते. नाजूक काम करणाऱ्याचा दिवस सरतो, पण वजन भरत नाही. म्हणजे ज्याचा हात अधिक कुशल, त्याचे नुकसान अधिक, अशी ही उफराटी व्यवस्था आहे. तिच्यात नवी कल्पना सुचली तरी ती करून पाहण्याची उमेद कोठून येणार?

सचोटीला धक्का बसतो तोही येथेच. चांदीच्या शुद्धतेला या धंद्यात 'टंच' म्हणतात. शंभर ग्रॅमचे पैंजण साठ टंचाचे असेल, तर त्यात चांदी साठ ग्रॅम आणि उरलेले चाळीस ग्रॅम तांबे किंवा तत्सम धातू असतात. कमी टंचाचा माल करणे हा काही स्वतः गुन्हा नव्हे. टिकाऊपणासाठी भेसळ थोडीबहुत लागतेच. गुन्हा होतो तो साठ टंचाचा माल शुद्ध चांदीच्या भावाने विकण्यात. 'आमच्याकडे घडणावळ नाही' अशी पाटी लावून असा माल विकला गेला, तर गिऱ्हाईक चाळीस ग्रॅम तांबे चांदीच्या भावाने विकत घेते आणि घडणावळ वाचल्याच्या समाधानात घरी जाते. त्याने जी रक्कम उघडपणे द्यायला नकार दिला, ती त्याच्याकडून चोरवाटेने कितीतरी पटींनी वसूल होते. तिच्यातले कारागिराच्या पदरात काही पडत नाही, ही गोष्ट वेगळीच. अनेक वर्षांनी मोड घालण्याची वेळ येते तेव्हा सत्य उघडकीस येते. तोवर बदनामी मात्र सगळ्या कारागीर वर्गाच्या माथी बसलेली असते.

ही बदनामी नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सोनेचांदीच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांची स्वतंत्र प्रकरणे आहेत आणि खोट्या तराजूपासून धातूच्या अदलाबदलीपर्यंत सोनाराच्या लबाड्यांची बारकाईने यादी दिलेली आहे. आधुनिक काळात सरकारने याच संशयाच्या दृष्टीने पाहिले. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्णनियंत्रण आले आणि चौदा कॅरटपेक्षा अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. सोन्याची आयात आणि चोरटा व्यापार यांना आळा घालणे हा हेतू होता. चोरटा व्यापार काही थांबला नाही. देशभरच्या असंख्य सोनारांच्या हातचे काम मात्र गेले आणि काहींनी आत्महत्या केल्या. पुढे १९६८ मध्ये त्याचा स्वतंत्र कायदा झाला आणि तो अखेर १९९० मध्ये रद्द करण्यात आला. पिढीजात कसब असलेला माणूस दुसऱ्या धंद्याला लागला की ते कसब परत येत नाही, हा या प्रकरणाचा धडा आहे. कायद्याची नजर धातूवर होती. हाताचा विचार कोणी केला नव्हता.

आजची हॉलमार्कची पद्धत त्या मानाने शहाणपणाची आहे. भारतीय मानक ब्यूरोने ती सोन्यासाठी २००० मध्ये आणि चांदीसाठी २००५ मध्ये सुरू केली. १६ जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांना ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली आणि प्रत्येक नगावर सहा अक्षरांकांची स्वतंत्र खूण आली. चांदीच्या नगांवर अशी खूण घालण्याची व्यवस्था १ सप्टेंबर २०२५ पासून सुरू झाली, तेव्हा ती ऐच्छिक ठेवण्यात आली. सोन्याची सक्ती करताना वर्षाला चाळीस लाख रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्या छोट्या सराफांना सूट देण्यात आली. छोट्या माणसावर बोजा पडू नये, हा हेतू चांगलाच आहे. परंतु या सवलतीचा परिणाम असा की, मोठ्या पेढीच्या मालावर शासनमान्य खूण असते आणि छोट्या माणसाच्या मालावर केवळ त्याचा शब्द. ज्याला विश्वासाची गरज सर्वांत अधिक, त्यालाच विश्वासाचे साधन ऐच्छिक राहते. अशा वेळी कायद्याने दिलेली सूट न घेणे हे नैतिक तर आहेच, शिवाय व्यवहाराच्या दृष्टीनेही शहाणपणाचे आहे.

तथापि सचोटी म्हणजे केवळ टंच नव्हे. दागिना शुद्ध असेल, पण तो घडविणाऱ्याचे फुफ्फुस निकामी होत असेल, तर त्या शुद्धतेला काय अर्थ? सोन्याच्या जोडकामासाठी कॅडमियमयुक्त डाख वापरण्याची पद्धत एके काळी सर्रास होती. 'केडीएम' हा शब्द तर गिऱ्हाइकाला चांगुलपणाची खूण वाटत असे. कॅडमियमची वाफ फुफ्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक असते, हे दागिना घेणाऱ्याला कळण्याचे कारण नव्हते, कारण ती वाफ कारागिराच्या श्वासात जात होती. चांदी शुद्ध करताना लागणाऱ्या नायट्रिक आम्लाचा धूर, मुलामा देताना वापरली जाणारी सायनाइडची संयुगे, उजाळा देताना उडणारी धूळ, हे सारे बहुतेक वेळा राहत्या घराच्या एखाद्या बंद खोलीत चालते. बालकामगारविषयक १९८६ च्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई झाली; परंतु शाळेच्या वेळेबाहेर घरच्या, धोका नसलेल्या धंद्यात मदत करण्याची मुभा राहिली. घर हाच कारखाना असतो तेथे मदत कोठे संपते आणि मजुरी कोठे सुरू होते, हे निरीक्षकाला सांगता येणार नाही. ते घरातल्या वडीलधाऱ्यांनीच ठरवायचे असते. आम्लाच्या भांड्याजवळ मूल बसणार नाही, एवढा नियम तरी कोणत्याही कायद्यावाचून पाळता येईल.

अलीकडे शहरांतून घरच्या घरी दागिने करून फोनवरून विकणाऱ्या तरुण स्त्रियांची संख्या वाढली आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु तेथेही शब्दांची जपणूक हवी. 'जर्मन सिल्व्हर' या नावाच्या धातूत चांदीचा अंशही नसतो. ते तांबे, जस्त आणि निकेल यांचे मिश्रण आहे. निकेलमुळे अनेकांच्या त्वचेला खाज सुटते, पुरळ उठते. म्हणूनच युरोपीय संघाने अंगावर वापरण्याच्या वस्तूंतील निकेलवर १९९४ मध्येच निर्बंध घातले. हे गिऱ्हाइकाला आधी सांगितले पाहिजे. तसेच घाऊक बाजारातून साच्यातले तयार भाग आणायचे, ते दोऱ्यात ओवायचे आणि त्याला 'हस्तनिर्मित' म्हणायचे, हेही प्रामाणिकपणाचे नाही. ओवण्याचे काम केले असेल तर ओवण्याचे काम म्हणावे. त्यात कमीपणा नाही; पटवेगारांनी पिढ्यान्‌पिढ्या तेच काम मानाने केले आहे.

आता नवनिर्मितीकडे वळावे. चांदीचा भाव २०२५ मध्ये किलोला एक लाख रुपयांच्या पलीकडे गेला. छोट्या कारागिराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, तेवढ्याच भांडवलात येणारी चांदी कमी झाली आणि टंच उतरविण्याचा मोह वाढला. परंतु याच परिस्थितीत दुसरी वाटही आहे. धातू कमी आणि काम अधिक असा दागिना करणे, ही ती वाट. वजनाने हलका, कामाने भारी असा नग यंत्राच्या मालाशी भावात स्पर्धा करीत नाही, कारण त्याची तुलनाच होत नाही. मात्र त्याची किंमत वजनावर न लावता नगावर लावली पाहिजे. म्हणजे पुन्हा प्रश्न घडणावळीपाशीच येतो. हाताला दाम मिळाले तर कल्पनेला वाव मिळतो आणि कल्पनेला वाव मिळाला तर टंचात हात घालण्याची गरज उरत नाही.

मराठी दागिन्यांची नावेच पाहावीत: बोरमाळ, पोहेहार, बकुळीहार, चिंचपेटी, जोंधळी पोत. ही नावे शेतातून, अंगणातून आणि स्वयंपाकघरातून आली. कोल्हापुरी साजाच्या पानांत मासा आहे, कासव आहे, भुंगा आहे. ज्यांनी हे आकार प्रथम घडविले, त्यांनी कोणाचे नमुनापुस्तक समोर ठेवले नव्हते. डोळ्यांपुढचे जग पाहिले होते. आजच्या कारागिराने तेच आकार जपावेत, पण स्वतःचे डोळेही उघडे ठेवावेत. दिवसभर फळ्यापुढे उभ्या राहणाऱ्या शिक्षिकेला साडीच्या काठात न अडकणारे पैंजण हवे असते. एसटीने वा लोकलने जाणाऱ्या विद्यार्थिनीला हलकी, सहज काढता येईल अशी वस्तू हवी असते. मोडला तर दुरुस्त होईल असा दागिना सर्वांनाच हवा असतो. नरहरी सोनाराची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. विठ्ठलाचे दर्शन घ्यायचे नाही असा निश्चय करून केवळ सांगितलेल्या मापावर त्याने करदोडा घडविला आणि तो बसेना. कथेचा भक्तिपर अर्थ मोठाच आहे. पण ज्याच्यासाठी दागिना घडवायचा त्याच्याकडे पाहिल्यावाचून तो बसत नाही, एवढा कारागिरीचा अर्थही तिच्यातून घेता येतो.

नवा नमुना केला की आठवड्यात त्याची नक्कल निघते, ही तक्रार खरी आहे. डिझाइन कायदा २००० मध्ये झाला. त्यानुसार नव्या नमुन्याची नोंदणी केल्यास दहा वर्षे, आणि वाढवून घेतल्यास आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. एकट्यादुकट्या कारागिराला हे झेपत नाही. दहापाच जणांनी मिळून करण्यासारखे ते काम आहे. टंच तपासण्याचे यंत्र, धूर बाहेर नेणारी सामाईक भट्टी आणि चांदीची एकत्रित खरेदी ही कामेही तशीच आहेत. ज्या जिल्ह्याने ऊस आणि दूध यांत सहकार उभा करून दाखविला, त्याला चांदीत तो अशक्य वाटण्याचे कारण नाही.

या सर्वांवर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो दुर्लक्षणीय नाही. मध्यमवर्गाला दागिना ही बचत वाटते. मोड घालताना घडणावळ परत मिळत नाही; तेव्हा ती कमी द्यावी असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे, असे म्हटले जाते. परंतु शिंप्याकडे कपडा शिवून घेताना शिलाई परत मिळावी अशी अपेक्षा कोणी करीत नाही. कपडा वापरला, शिलाईचे चीज झाले. दागिन्याचेही तसेच आहे. बचतीसाठी बँक आहे, पोस्ट आहे. अंगावर घालण्याच्या वस्तूतली मेहनत ही अंगावर घातल्यानेच वसूल होते. कारागिरानेही आपल्या बाजूने हमी द्यावी: लिहून दिलेल्या शुद्धतेच्या हिशेबाने धातू परत घेऊ आणि नग मोडल्यास रास्त दरात दुरुस्त करून देऊ. जुन्या मोडीतून, तपासून आणि शुद्ध करून, नवा दागिना घडविण्याचा प्रघात तर आपल्याकडे पूर्वापार आहे. त्यासाठी नव्या खाणीतून काही काढावे लागत नाही.

यातले बरेचसे काम उद्या सकाळी सुरू होऊ शकते. पावतीवर धातूचे वजन, टंच आणि घडणावळ या तीन ओळी वेगवेगळ्या लिहाव्यात, एवढेच कारागिराने ठरवावे. आणि गिऱ्हाइकाने पहिल्या दोन ओळी कसून तपासाव्यात, तिसरीवर मात्र घासाघीस करू नये. स्वतःच्या पगारातील एक रुपया कापला गेला तर त्याचे कारण विचारणाऱ्या वर्गाला, दुसऱ्याच्या श्रमाचा हिशेब इतका तरी सरळ ठेवणे अवघड जाऊ नये.