मानसशास्त्र घ्यायचंय, पण नाक्याच्या कुठल्या बाजूला?

परवा निपाणीहून वहिनी आल्या, सोबत लेक. चहा व्हायच्या आधीच त्यांनी पिशवीतून दोन माहितीपुस्तकं काढून माझ्यापुढे ठेवली. एक बेळगावच्या कॉलेजचं, एक कोल्हापूरच्या. लेकीची पीयूसी झाली, गुण चांगले पडले आणि बी.ए.ला मानसशास्त्र घ्यायचं तिनं पक्कं केलंय. घरात त्यावरून एक फेरी आधीच झालेली दिसली. कारण वहिनी म्हणाल्या, "वन्सं, हे म्हणतात डी.एड., बी.एड.चं बघ, ही म्हणते सायकॉलॉजी. ते एक असो. पण आपल्याकडं तीन वर्षं आणि कोगनोळीचा नाका ओलांडला की चार वर्षं, हे कसं? पोरीचं एक वर्ष फुकट जायचं का?"

प्रश्न सरळ आहे आणि आपल्या भागात सध्या घरोघरी आहे. निपाणीकरांना दोन राज्यांचं शिक्षण नवं नाही म्हणा. देवचंद कॉलेज म्हणजे निपाणीचंच, पण ते उभं आहे अर्जुननगरात, कागल तालुक्यात, आणि त्याचं विद्यापीठ शिवाजी. गावातल्या बागेवाडी कॉलेजचं विद्यापीठ राणी चन्नम्मा. एका गल्लीतल्या दोन मैत्रिणी दोन विद्यापीठांत, हे आपण वर्षानुवर्षं पाहत आलो. पूर्वी दोघी तिसऱ्या वर्षी पदवीधर व्हायच्या, त्यामुळे कुणी हिशोब मांडत बसलं नाही.

आता मांडावा लागतो. कर्नाटकानं २०२१-२२ मध्ये देशात सर्वांत आधी नवं शैक्षणिक धोरण लागू केलं, चार वर्षांची पदवी आणली आणि २०२४-२५ पासून ती मोडून पुन्हा तीन वर्षांवर आलं. नेमक्या त्याच वर्षी महाराष्ट्रानं विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांत चार वर्षांची रचना सुरू केली. नाक्याच्या दोन्ही बाजूंना एकाच जूनमध्ये उलट दिशेला गाड्या सुटल्या, आणि मध्ये आपली मुलं.

वहिनींना मी वहीच्या मागच्या पानावर बेरीज करून दाखवली. इकडे तीन वर्षं बी.ए. आणि पुढे दोन वर्षं एम.ए. तिकडे चार वर्षं ऑनर्स आणि मग एका वर्षात एम.ए. करण्याची सोय. दोन्हीकडे पाचच. शिवाय तिकडेही तीन वर्षांनी, १३२ क्रेडिट झाले की पदवी घेऊन बाहेर पडता येतं. चौथं वर्ष, म्हणजे १७६ क्रेडिटपर्यंतचा प्रवास, सक्तीचा नाही. तेव्हा 'एक वर्ष फुकट' ही भीती मनातून काढा. मात्र एक वर्षाचं एम.ए. चार वर्षं केलेल्यांनाच मिळतं, तीनवाल्यांना दोन वर्षं काढावीच लागतात. आणि जिथं एम.ए. करायचंय तिथं हा एक वर्षाचा वर्ग खरंच भरतो का, हे आजच विचारून ठेवा.

खरा फरक वर्षांत नाहीच, तो विषयांच्या जोडणीत आहे. इकडे आपली जुनी पद्धत, तीन विषय सारख्या तोलाचे. तिकडे एक विषय मेजर, एक मायनर आणि त्याभोवती बाकीची चिल्लर. जिला मानसशास्त्रच करायचंय हे आतून ठाऊक आहे, तिला तिकडं त्या विषयाचे पेपर जास्त मिळतात. जिचं मन अजून हेलकावे खातंय, तिला तीन विषयांची शिदोरी बरी. उद्या समाजशास्त्रात किंवा अर्थशास्त्रात एम.ए. करावंसं वाटलं तर दार उघडं राहतं.

सोबतीला काय घ्यावं? आपल्याकडे मानसशास्त्राशेजारी जो विषय 'सोपा' तो घेण्याची पद्धत आहे. माझं मत विचाराल तर समाजशास्त्र घ्यावं. विडीचा पुडा, तंबाखूचं कर्ज, एका घरात तीन चुली, हे ज्याला कळत नाही त्याला निपाणीच्या बाईचं दुखणं काय कळणार? आणि तिकडं दुसऱ्या शाखेतला एक खुला विषय घ्यावा लागतो, तिथं संख्याशास्त्र मिळत असेल तर डोळे झाकून घ्यावं.

भाची इथं दचकली. "आत्या, सायकॉलॉजीत गणित असतं?"

असतं. दुसऱ्याच्या मनातलं ओळखायला शिकवतील या आशेनं मुली येतात आणि पहिल्या वर्षी पुढ्यात येतो मेंदूचा नकाशा, मज्जापेशी आणि १८७९ मध्ये लायप्झिगला प्रयोगशाळा उघडणारा वुंट नावाचा जर्मन. त्यानंतर सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन. हा विषय जन्मला तोच प्रयोगशाळेत. आपल्या राज्यातही म्हैसूर विद्यापीठात १९२४ साली हा विभाग सुरू झाला. तिथले प्राध्यापक गोपालस्वामी इतके खटपटे की १९३५ मध्ये त्यांनी घरातच रेडिओ केंद्र उभारलं, आणि 'आकाशवाणी' हे नाव त्या केंद्राचं.

तर संख्याशास्त्र. कला शाखेतल्या मुली इथं अडतात, विषय राहतो, पुढच्या सत्रात ढकलला जातो आणि शेवटच्या वर्षी संशोधनाच्या पेपराबरोबर दोन्ही एकदम अंगावर येतात. नियोजन करायचं ते इथं. सुट्टीतच दहावीच्या पुस्तकातलं संख्याशास्त्राचं प्रकरण पुन्हा सोडवा. हा पेपर ज्या सत्रात असेल त्या सत्रात बाकीचे विषय हलके निवडा, निवडीला वाव असेल तर. आणि प्रात्यक्षिकाची जर्नल दर आठवड्याला लिहा, मैत्रिणीची उतरवू नका. स्मरणाचा, अवधानाचा, दृष्टिभ्रमाचा प्रयोग एकमेकींवर करायचा असतो. कॉलेज निवडताना इमारत कशी आहे हे सगळे बघतात, तुम्ही प्रयोगशाळेचं कपाट उघडायला सांगा. आतली साधनं वापरातली आहेत की नुसती धूळ खात पडलीत, तेवढ्यावरून बरंच समजतं.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि ती आपल्यासारख्या घरांना जास्त लागू. वहिनींचं माहेर गोकाककडचं. घरात मराठी, आजोळी कन्नड. मागे त्यांच्या आईंनी फोनवर लेकीला सांगितलं, "बेजार आगेति." आमच्या दादानं ऐकलं आणि म्हणाला, "कामानं बेजार झाल्या असतील, दोन दिवस विश्रांती घ्या म्हणावं." मराठीत बेजार म्हणजे त्रासलेला, टेकीला आलेला. पण कन्नडात बेजार म्हणजे मन लागत नाही, उदास वाटतंय, कधी कुणाचं बोलणं लागलंय. अज्जींना विश्रांती नको होती, लेक यायला हवी होती. एका शब्दात एवढं अंतर. पुस्तकं इंग्रजीत असतात, माणसं मात्र बेजार आपापल्या भाषेत होतात. म्हणून भाषेच्या पेपरला, जिथं निवड आहे तिथं, जी भाषा बोलता येते पण वाचता-लिहिता येत नाही ती घ्यावी, असं मला वाटतं. गुण दोन कमी पडतील, पडू देत. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं टेलिमानस ही फोनसेवा सुरू केली, १४४१६ हा तिचा नंबर. तिथं मराठीतही बोलता येतं आणि कन्नडातही. अशा ठिकाणी दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाची किंमत वेगळी सांगायला नको.

आता वहिनींच्या मनातलं, जे त्यांनी शेवटी विचारलं. "मग ही डॉक्टर होणार का?" नाही. मानसोपचारतज्ज्ञ होतो तो एम.बी.बी.एस. करून पुढे त्या शाखेत शिकलेला. त्यांना गोळ्या लिहून देता येतात, आपल्याला नाही. आणि नुसत्या बी.ए.वर दारावर पाटी लावता येत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव लागतं. आजवर त्याचा राजमार्ग म्हणजे एम.ए.नंतर दोन वर्षांचं एम.फिल. यूजीसीनं २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद केलं, या शाखेला मात्र २०२५-२६ पर्यंत मुदत दिली. परिषदेनं आता नवे अभ्यासक्रम आणलेत. तेव्हा दर वर्षी तिच्या वेबसाइटवर मान्यताप्राप्त संस्थांची यादी बघायची, कुणाच्या जाहिरातीवर जायचं नाही. पाच वर्षं आणि वर आणखी काही, एवढा पल्ला आहे हे घरात आधीच बोलून घ्यावं. लग्नाचा विषय दुसऱ्या वर्षी काढायचा असेल तर तो आत्ताच काढा, बाई!

आणखी एक. अशा मुलींसाठी आपल्याकडे एक पळवाट असायची, "लग्नानंतर बाहेरून करेल." ती आता बंद झाली. २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून यूजीसीनं मानसशास्त्राला दूरशिक्षणानं आणि ऑनलाइन नवे प्रवेश देणं थांबवलंय. करायचं तर वर्गात बसून. हे ऐकून वहिनी गप्प झाल्या. त्यांचं स्वतःचं बी.ए. दुसऱ्या वर्षाला सुटलेलं आहे, हे मला तेव्हा आठवलं.

निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. बसचा पास, परतीची शेवटची गाडी, वसतिगृह, यावर आणखी तासभर गेला. ते ज्याचं त्यानं बघावं.

शनिवारी वहिनींचा फोन आला. "वन्सं, प्रयोगशाळा बघून आलो. बाईंनी कपाट उघडून दाखवलं. पोरीला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली, मग मलाही बसवलं. माझी हिच्यापेक्षा बरी आली बघा!" आणि त्या इतक्या हसल्या, की फॉर्म कुठला भरला ते विचारायचं राहूनच गेलं.